जोड एकदम पक्का

३० सप्टेंबर, मंगळवार
आजपासून डायरी. उद्यापासून सकाळी साडेपाचला फिरणे आणि लॅबमध्ये न चिडणे. हेड होण्यासाठी दोनदा डावललं गेलं, तिसऱ्यांदा होणे नाही. ११ नोव्हेंबरला रिव्ह्यू कमिटी आपल्या फरीदाबादच्या लॅबमध्ये येतेय. डेमो जमला की प्रोजेक्ट मंजूर, आणि प्रोजेक्ट मंजूर म्हणजे हेड उल्हास. दुसरा आहे कोण?

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
फिरणं राहिलं. सणाचा दिवस.
आज सँपल चिकटवलं. ड्रोनच्या पंखासाठी कार्बन कॉम्पोझिटच्या दोन पट्ट्या, मधे गोंद, आणि गोंदात केसाएवढी बारीक काचेची तार. हाच आपला सेन्सर. गोंदात आतल्या आत तडा गेला तर बाहेरून देवालाही दिसत नाही, पण तारेला कळतं आणि लॅपटॉपवर अलार्म वाजतो.
हत्यारांची पूजा आपल्याकडे चुकत नाही. मशीनला झेंडूचा हार घातला, आणि पट्टीला मधोमध हळदकुंकवाचं बोट लावलं. रुचिता (माझी ज्युनियर, जळगावची, दिल्लीतल्या मुनिरक्याहून रोज येते) किंचाळलीच. म्हणाली, सर, घासून, ॲसिटोनने पुसून ठेवलेली चिकटवायची बाजू आहे, नुसतं बोटाचं तेल लागलं तरी गोंद धरत नाही. परत पुसू का म्हणत होती. म्हटलं, कुंकू पुसतात का कधी? रुमालाने जरासं टिपलं आणि चिकटवून टाकलं. आजकालच्या मुलींना पुस्तकापलीकडे काही नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार
सँपल मशीनवर चढवलं. मशीन पट्टी ओढतं, सोडतं, ओढतं. असं लाखो वेळा. डायरेक्टरसाहेब येऊन म्हणाले, बहुत बढ़िया. माझ्याकडेच बघून म्हणाले.

९ ऑक्टोबर, गुरुवार. सकाळी ११.२०
अलार्म वाजला! एका दिवसात? अशक्य. रुचिता म्हणते, तडा मधोमध सुरू झालाय, जिथे कुंकू लागलं तिथेच. वा! शुभ गोष्टीने कधी तडा जातो का? बाहेरून ट्रक गेला असणार. तिला तसं वहीत लिहायला सांगितलं. तिने 'सरांच्या मते ट्रक' असं लिहिलं. तारेवर किती ताण आला की अलार्म वाजावा, ती लिमिट शंभर होती, ती दोनशे केली. लगेच शांत. याला म्हणतात अनुभव.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
परत वाजला. दिवाळीचे फटाके सुरू झालेत, त्याची कंपनं. लिमिट चारशे.
रुचिताचं म्हणणं, नवीन सँपल करू, अजून चार आठवडे आहेत. मी चिडलो नाही. फक्त आवाज चढवून सांगितलं की शुभ मुहूर्तावर केलेलं काम मोडून परत करणं म्हणजे अपशकुन. सायंटिस्ट असलो म्हणून काय झालं?

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
घरी चेतनाला सगळं सांगितलं. ती दिल्लीत मंत्रालयात फाइली बघते, तिला गोंदातलं काय कळणार. म्हणाली, अहो, अलार्म वाजू द्यायचा नसेल तर बसवला कशाला? बोलून चकली तळायला निघून गेली. बायकांना टेक्निकल गोष्टी समजावणं बिल्कुल बेकार.

३ नोव्हेंबर, सोमवार
फिरणं बंद. हवा फार खराब, डॉक्टरच सांगतात घरात बसा. (ऑक्टोबरात हवा बरी होती, पण मनाची तयारी चालू होती.)
अलार्म पाच वेळा. थंडीने पट्टी आकसते. लिमिट नऊशे. आता काय वाजतोय!

१० नोव्हेंबर, सोमवार
उद्या घोडामैदान. निळा सूट इस्त्री करून आणला. भाषण पाठ. त्यात 'माझ्या टीमने' हे शब्द एकदा घातलेत, रुचितालाही बरं वाटेल.
ती दोनदा येऊन म्हणाली, सर, प्लीज, एकदा आलेख बघा. म्हटलं, बेटा, जोड एकदम पक्का आहे, निश्चिंत राहा.

११ नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळी ६
झाला डेमो.
भाषणाच्या चौथ्या मिनिटाला, 'हा सेन्सर तुटण्याआधी सांगतो' या वाक्यावर, पट्टी फाडकन तुटली. तुकडा चेअरमनसाहेबांच्या चहात. अलार्म गप्प.
कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ! मी तसं हिंदीत समजावलंही. ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, रेकॉर्ड दाखवा. रुचिताने उघडलं. पहिली सूचना ९ ऑक्टोबर. तेव्हापासून, अलार्म वाजो न वाजो, एकसष्ट सूचना, तड्याची जागा आणि लांबीसकट. खाली लिमिट कुणी, केव्हा, किती वाढवली, तेही. यंत्राला काही लाजलज्जा?
चेअरमन म्हणाले, कमाल का सेन्सर है. म्हणजे जिंकलोच की! आयडिया माझीच. चेतनाला फोन करून पेढे आणायला सांगितले. तिने विचारलं, नक्की ना?

१८ नोव्हेंबर, मंगळवार
पत्र आलं. प्रोजेक्ट मंजूर. सेन्सरला 'अत्युत्तम' शेरा. हेड: रुचिता.
दोनदा वाचलं. नाव तेच होतं. वाईट वाटलं. खरं सांगायचं तर फार वाईट वाटलं, बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो.
मी प्रोजेक्टमध्ये आहेच. पद: निरीक्षक. चांगलं भारदस्त पद आहे. पण कामाचं स्वरूप पत्रात दिलेलं नव्हतं, म्हणून रुचिताच्या केबिनमध्ये जाऊन विचारलं, निरीक्षकाने नेमकं करायचं काय? ती उठून उभी राहिली, मला खुर्ची दिली, चहा मागवला. मग अगदी नम्रपणे म्हणाली, सर, फक्त बघायचं. हात लावायचा नाही.