आईने डबीत ठेवलेला खिळा

१४ डिसें., पासली
बंगळुरूच्या बसमधून पहाटे नसरापूरला उतरले, तिथून एस.टी.ने घरी. प्रयोगासाठी आणलेल्या स्फटिकाची डबी मांडीवरून हलवली नाही. आईने विचारलं, "काय गं ह्ये?" म्हटलं, काळा दगड, लई थंड केला की याच्या अंगात येतं. मी पोट धरून हसले, ती हसली नाही. उद्या पाबे घाटातून पुण्याला, लॅबमध्ये.

१९ डिसें., पुणे
साधा अतिवाहक, म्हणजे सुपरकंडक्टर, चुंबकक्षेत्राला बाहेर ढकलतो. या स्फटिकाबद्दल माझ्या गाईड सरांचा अंदाज भलताच: बाहेर काही नसताना याच्या आत आपोआप क्षेत्र उगवेल. आज दुपारी थंड केला. बाहेरचं क्षेत्र शून्य, तीनदा तपासलं. ठरलेल्या तापमानाखाली गेला आणि चुंबकमापकाचा आकडा हलला. पंपाचा एवढा आवाज, तरी लॅबचं तळघर गप्प वाटलं. उगाच मागे वळून पाहिलं.

२० डिसें.
सर खूष. "प्रबंध झाला समज." सोमवारी पेपर पाठवायचा, पहिलं नाव माझं. पाच वर्षं!! आईला काही कळलं नाही, तरी फोनवर रडली.

२१ डिसें.
रिकामी डबी धुवायला घेतली. कापसाखाली गंजका खिळा. गंजाची भुकटी डबीभर, म्हणजे स्फटिकालाही लागलेली असणार. आईला फोन केला.
"व्हय, म्याच ठिवला. तूच म्हनालीस ना अंगात येतं म्हून? घाटातनं न्यायचं, आन् लोखंड नको संगं?"
वाटेतलं भूत लागू नये म्हणून मटणाच्या डब्यात ठेवते तसा ठेवला. मी खूप ओरडले. नंतर वाईट वाटलं. थंड होताना स्फटिक त्या कणांचं क्षेत्र आत अडकवून धरू शकतो. मग आकडा हलणारच. मेले. सरांना अजून सांगितलेलं नाही.

२२ डिसें.
स्फटिक साफ केला. भिंगाखाली एक कण नाही. परत थंड. गंजाचं असेल तर आता शून्य. स्वतःचं असेल तर पुन्हा उगवेल, आणि दिशा दर वेळी छापा-काटा.
उगवलं. तेवढंच, उलट दिशेला.
नाचायला हवं होतं. त्याऐवजी दाराची कडी लागली आहे का ते बघून आले. बाहेरून कोणी काही सांगत नाही, मग कुठे वळायचं हे आत कोण ठरवतं?

२३ डिसें.
सरांना सगळं सांगितलं. खिळ्याला हसले, मग गंभीर झाले. "साफ केल्यावर किती वेळा पाहिलंस?"
"एकदा."
"एकदा काहीही होतं." थंड करायचं हेलियम आणखी एका वेळेपुरतं आहे. पेपर तोवर थांबवला.

२४ डिसें., दुपार
शून्य. थंड करून तीन तास झाले, शून्यच. सर म्हणतात, स्फटिकाचा अर्धा भाग एकीकडे, अर्धा दुसरीकडे वळला असेल तर बेरीज शून्य येते. किंवा आत कधी काही नव्हतंच, परवा माझंच काहीतरी चुकलं. दोन्ही पटतं. पेपर जात नाही, प्रबंधाचं माहीत नाही.
"गरम कर आणि घरी जा," म्हणून सर गेले. गरम केला की आत असेल-नसेल ते पुसलं जाईल. तशीच बसलेय. आकडा शून्य आहे, पण इथे मी एकटी आहे असं वाटत नाही.