मुखवट्यात कोण होतं

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून मी नोकरदार! सगळी धाकटीची कृपा. ती ज्या सिनेमाची नायिका आहे त्याच्या एडिटरला मदतनीस हवी होती, आणि माझ्या ताईला सगळं येतं असं तिने तिथे ठोकून दिलं. मला त्यातलं निम्मंच येतं, पण ते आता कशाला बोलून दाखवायचं.

ऑफिस म्हणजे एका बंद पडलेल्या लॉन्ड्रीचा वरचा मजला. खाली शूटिंग, वर एडिटिंग. दोन जागांचं भाडं कोण भरणार? एडिटर साठीचे आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात, म्हणून मीही म्हणते. काकांनी चहा दिला आणि कच्चा सिनेमा लावून दिला.

मी हसायच्याच तयारीने बसले होते. गोणपाटाचा मुखवटा घातलेला खुनी लॉन्ड्रीतल्या बायकांना एकेक करून मारतो, एवढीच गोष्ट. पण काय जमलाय! वाळत घातलेल्या चादरींच्या रांगा आणि त्यांच्यामागे तो नुसता उभा. काही करत नाही, हलतसुद्धा नाही. माझा चहा हातातच निवून गेला. आणि धाकटी! झुरळ दिसलं तरी घर डोक्यावर घेणारी ही पोरगी इथे अशी घाबरते की तोंडातून आवाजच फुटत नाही, आणि ओरडावंसं आपल्याला वाटतं. शेवट तेवढा फुसका आहे, तो पुन्हा शूट होणार म्हणे. घरी आल्या आल्या तिचे दोन्ही गाल ओढले. आई-बाबा असते तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून दाखवला असता.

५ फेब्रुवारी, बुधवार

खुन्याचं काम कोणी केलंय ते विचारलं, तर काकांना हसूच आवरेना. खुन्यासाठी वेगळा नट घ्यायची ऐपत नव्हती. ज्याचे हात रिकामे असतील त्याने लांब रेनकोट चढवायचा आणि मुखवटा घालायचा. मुखवटाही एकच. दिग्दर्शकाचा नियम असा की मुखवटा चढला की त्या माणसाशी कोणी बोलायचं नाही, आत कोण आहे ते विचारायचं नाही. नायिकेला तर कळताच कामा नये, म्हणजे भीती खरी येते. कंजूष आहे, पण डोकं आहे.

आता नामावलीत सगळ्यांना श्रेय द्यायचंय, म्हणून कुठल्या शॉटमध्ये कोण ते शोधायचं काम माझ्याकडे आलंय. धमाल येते. लाइटवाला डावखुरा, तो लगेच सापडला. ड्रायव्हरचं पोट रेनकोटात मावत नाही. मेकअपवाला खून करायला निघतो तोही ठुमकत. आणखी दहा वेळा बघावा लागला तरी हा सिनेमा मला आवडेल.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

एकाचा पत्ता लागत नाही. तो चादरींमागचा. उंच, खांदे पडलेले, हात जवळजवळ गुडघ्यांपर्यंत. तिघांनाही विचारून झालं. लाइटवाला म्हणतो ड्रायव्हर असेल, ड्रायव्हर म्हणतो मेकअपवाला असेल, आणि मेकअपवाल्याने उलट मलाच विचारलं की एवढा उंच माणूस आपल्यात आहे कोण? नियमामुळे सेटवर कोणी चौकशी केलीच नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसरा कोणी असेल.

अंगावर काटा येतो ते सगळे शॉट त्याचेच आहेत. त्याला काढलं तर सिनेमात काही उरत नाही. दिग्दर्शकाला विचारलं तर तो खुशीत म्हणाला, असेल कोणीतरी, भारी आलाय ना?

१० फेब्रुवारी, सोमवार

कॅमेरा चुकून चालू राहिलेला एक तुकडा सापडला. जेवणाची सुट्टी. तिन्ही खुनी ताटं घेऊन बसलेत, दिग्दर्शक मोबाइलवर, धाकटी केस सोडून बसलीय. आणि तिच्यामागे, चादरींच्या पलीकडे, तो. खुनाचा सीन नाही, काही नाही. कोणी मागे वळूनही पाहत नाही.

काका म्हणाले, बाहेरचा कोणी हौशी शिरला असेल. मी म्हटलं, मग त्याच्याकडे मुखवटा कुठून आला? काकांनी चष्मा पुसला आणि तो तुकडा पुन्हा लावला.

मग मी त्याचे शॉट ज्या क्रमाने शूट झाले त्या क्रमाने लावले. लावायला नको होते. पहिल्यात तो अगदी शेवटच्या चादरीमागे आहे. पुढच्यात एक रांग अलीकडे. मग आणखी एक. मान प्रत्येक वेळी धाकटीकडेच. ती जिथे जाते तिथे.

बुधवारी शेवट शूट होणार. त्यात खुनी मागून येतो आणि तिचा गळा धरतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

धाकटीला सगळं दाखवलं. आधी हसली, मग चिडली. म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदा काही चांगलं घडतंय माझं, तर तुला बघवत नाही का? मी पाया पडायची बाकी राहिले. बॅग घेऊन मैत्रिणीकडे निघून गेली. फोन उचलत नाही.

दिग्दर्शकाला हात जोडले. त्याला वाटलं मी जाहिरातीसाठी काहीतरी सुचवतेय. म्हणाला, ही गोष्ट पेपरात द्यायला हवी.

मी ते शॉट पुसून टाकले. काकांकडे दुसरी प्रत होती. त्यांनी मला घरी जायला सांगितलं.

मला भीती वाटतेय. तिच्याशिवाय मला कोणी नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार, सकाळ

मुखवटा उचलला. मेकअपच्या पेटीतच होता. मुखवटा नाही तर शूटिंग नाही, इतकं सोपं होतं आणि मला आत्ता सुचलं. काका यायच्या आत वरच्या खोलीत येऊन आतून कुलूप लावलंय, किल्ली खिडकीतून गटारात टाकली. आता दार फोडा नाहीतर नोकरीवरून काढा. खाली ड्रायव्हर गाडीत मुखवटा शोधताना खिडकीतून दिसत होता. आता तो आत गेला. दिवस फुकट गेला म्हणून ते सगळे घरी जातील. धाकटी महिनाभर बोलणार नाही. चालेल.

नंतर

घरी गेले नाहीत. खालच्या कॅमेऱ्यातलं चित्र इथल्या स्क्रीनवर दिसतं, ते लावलंय. धाकटी चादरींमध्ये उभी आहे. लाइट लागले.

मुखवटा माझ्या मांडीवर आहे. मग ते कशाची वाट बघताहेत?

नंतर

आला.

लाइटवाला लाइटपाशी, ड्रायव्हर दारात, मेकअपवाला कोपऱ्यात. तिघेही खुशीत. मुखवटा सापडला असं वाटलं असणार त्यांना. कोणी विचारत नाही. नियम आहे ना—

मी ओरडले. दार बडवलं. भिंतींना फोम आहे, खाली काही जात नाही. फोन सगळ्यांचे बंद, शॉट चालू आहे म्हणून. खिडकीला गज, खाली गल्लीत कोणी नाही. किल्ली मीच—

हातातल्या मुखवट्याला दाभणाचे टाके आहेत, जाड, कडेने सगळीकडे. पडद्यावर तो आता इतका जवळ आलाय की सगळं दिसतं. टाके नाहीत. कडच नाही. मान आणि ते गोणपाट एकच—

खुर्चीने दार फोडतेय. फुटत नाही.

गळा धरला. पाय जमिनीवर नाहीत तिचे. कट म्हणा. कोणीतरी कट म्हणा ना. दिग्दर्शक हाताने खूण करतोय, चालू ठेवा, चालू ठेवा. कॅमेरा आणखी जवळ नेला—

ओठ हलताहेत तिचे. ताई म्हणतेय. या सिनेमात तिला बहीण नाही, तिच्या संवादात हा शब्दच नाही, त्यांना हे कळत कसं नाही, ती मला हाक मारतेय आणि ते सगळे टाळ्या—