ठकीची शिट्टी

५ जून
घर मिळालं! मेंदूवर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या आवारातच, दोन खोल्या, खिडकीसमोर हिरवळ. सामान लावताना हे म्हणाले, बायकोच्या जिवावर मजेत राहायचं सुख काही औरच. आमची ठकी, वय वर्षं सहा, रिकाम्या खोक्यात शिरून बसली होती.
माझं काम सोपं. रोज सकाळी एक गोळी घ्यायची. मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन पेशींवरच्या खोबणींत बसतं. त्यांतल्या एका जातीच्या खोबणी ही गोळी बुजवते. त्यानं शिकण्यात, लक्षात राहण्यात काय फरक पडतो, ते संस्थेतल्या डॉक्टरबाई तपासणार.

८ जून
आज प्रयोग सुरू. कर्ण्यातून बारीक शिट्टी, लगेच डाव्या मनगटाला विजेचा हलका चटका. थोड्याच वेळात नुसत्या शिट्टीनंही हात मागे जायला लागला. डॉक्टरबाई खूश. उद्यापासून शिट्टी असेल, चटका नसेल. मग भीती आपोआप विरते म्हणे. ठकी काचेपलीकडे सगळं ऐकत चित्रं काढत होती. घरी येऊन पडलेल्या दातांच्या फटीतून हुबेहूब तीच शिट्टी! हसून हसून पुरेवाट झाली. माझ्या हातची बशी मात्र फुटली.

१६ जून
भीती विरत नाहीये. चटका बसणार नाही हे मला कळतं, हाताला कळत नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, भीती सुटणं हेही एक नवं शिकणंच. गोळीनं तेच अडवलं असावं. गोळी बंद केली. ठकी दिवसभर शिट्ट्या मारतेय. मी दचकले की तिला गंमत वाटते.

२० जून
शिट्टी नको म्हटलं, तिनं सोडली. पण गोळी बंद होऊनही आता तिची पावलं वाजली तरी मनगट जळतं. आज वेणी घालताना हात असा उडाला की कंगवा तिच्या गालाला लागला. रडली नाही. कंगवा उचलून माझ्यापुढे धरला.

२३ जून
तिनं हाक मारली की घाम फुटतो. माझीच पोर. जेवायला ह्यांनी वाढलं, मी दाराआड— डॉक्टरबाई नाडी बघतात. नजर चुकवतात.

२५ जून
हे तिला आत्याकडे सोडून आले. घर शांत. हायसं वाटलं. हायसं वाटलं म्हणून—

२८ जून
ठकी तिकडे राहीना. परत आणलीय. मी न्हाणीघरात, आतून कडी.
बाहेरून हळूच विचारतेय, "आई, मी काय केलं गं?"
काहीच नाही, सोन्या. एवढंच दार उघडून सांगायचंय. डावा हात कडीवर ठेवलाय, पण तो मागेच—