भुरी माझ्या हातचं खात नाही

६ फेब्रुवारी २००६
कापसाच्या खोलीचं दार लावत जा म्हणून किती सांगावं. घरात कोणी ऐकत नाही. भाव येईन म्हणून पोरानं, दिगांबरनं, समोरची खोली आढ्यापर्यंत कापसानं भरून ठेवली, आन ती भुरी मांजर तिथं ये-जा करून राहिली. कोणाची पाळलेली नाही. रानातली. माणूस दिसला की फिसकारते. आज दुधाचा गंज उलथा केला. सुनेले, शोभीले म्हटलं, तर म्हणते, "आत्याबाई, झाकण तुमीच नाही ठेवलं." तोंड पाह्य तिचं.

धरली मंग. कोपऱ्यात कोंडून पोत्यात घातली. दोन्ही हात बोचकारले. धरताना हाताले ओलं लागलं. भेवानं मुतली असन. पोत्याचं तोंड बांधून तीनदा गरगर फिरवलं, मी स्वतः. फिरवलं की वापस यायचा रस्ता विसरते, आमच्याकडं असंच करतात. दि. भाव इचारायले दर्यापूरले जातच होता. म्हटलं, तिथल्या जिनिंगच्या, सरकी काढायच्या कारखान्याच्या मांगं सोडून दे. सोडली.

हातावर हळद लावली. झोप चांगली लागली.

७ फेब्रुवारी
कापसात चूं चूं. उंदरं. काठीनं ढीग बडवला. चूप झाले.
शोभी म्हणे, मांजर असती तर उंदरं नसते. तिले बोलायचं निमित्त पाह्यजे.

८ फेब्रुवारी
शेजारची खैरुनबी आली, गादी भरायले कापूस पाह्यजे होता. तिच्या घरी सगळे पिंजारी. ढिगात हात घातला आन तशीच उभी राहिली. "काकी, ये चूहे नहीं हैं."

तीन पिल्लं. डोळे आत्ता कुठं किलकिले. एक मेलेलं. उपाशी मेलं, का थंडीनं, का... काठी नाही लागली. उलटंपालटं करून पाह्यलं, लागल्याचं काही दिसलं नाही. एवढ्याशा आंगावर काय दिसते.

खैरुन म्हणे, "इनकी माँ किधर गई?" म्हटलं, गेली असन कुठं.

हाताले ओलं लागलं ते मूत नव्हतं. वास नव्हता त्याले. दूध होतं. चार लेकरं आंगावर पाजली मी, मले समजाले पाह्यजे होतं. हे कोणाले सांगतलं नाही.

९ फेब्रुवारी
बकरीचं दूध, पाणी टाकून. कापसाची वात भिजवून तोंडात देली. काळं पिल्लू चोखते. पट्ट्यापट्ट्याचं, त्याले पट्ट्या म्हणतो, ते थुंकते. रातच्याले एक पाळी शोभीनं केली, न सांगता. बरं वाटलं. तिले म्हटलं नाही.

दि. ले सांगतलं, जाय, भुरीले घेऊन ये. हासला. "माय, तूच फिरवली पोत्यात. आता मांजरीसाठी दर्यापूरले जाऊ? लोकं म्हणतीन दिगांबर येडा झाला." म्हटलं, लोकं आधीपासूनच म्हणतात.
गेला नाही.

११ फेब्रुवारी
मीच गेली. फाट्यावरून काळीपिवळी जीप, माणसावर माणूस. जिनिंगचा चौकीदार गवई. सांगतलं तर म्हणे, "ती भुरी? आजी, आली तवापासून सरकीच्या ढिगावर बसून बोंबलून राहिली ना. मालकाले झोप नाही, मले झोप नाही."

दाखवली. त्याच्या पायापासून हातभर दूर बसली होती. मी दिसली तशी भिंतीवरून पार.
जगात तिले एकाच माणसाचं भेव. रिकामी वापस आली.

१३ फेब्रुवारी
पट्ट्या काही घेईना. मरन म्हणून टोपलीत घालून नेला. काळ्याले घरी ठेवलं, त्याचं पोट भरून राहिलं होतं. सरकीजवळ टोपली ठेवली. गवई म्हणे, "तुमी माझ्या खोलीत बसा, आजी." खिडकीतून पाह्यलं.

पट्ट्या ओरडला. भुरी आली, टोपलीच्या भवती फिरली, हुंगलं, मानेले धरलं आन गेली मशीनमांगं. म्हटलं, झालं.
पण पुन्हा आली. टोपलीत पाह्यलं. आत उतरून कोपरा न् कोपरा हुंगला. मंग त्या रिकाम्या टोपलीतच बसून राहिली.

गवईले म्हटलं, दुसरं उद्या आणतो.

१४ फेब्रुवारी
आज जीप नव्हती.

१५ फेब्रुवारी
काल जीप होती. काळं मांडीवर झोपलं होतं.
उद्या जाईन.

२० फेब्रुवारी
गेली नाही. पाय दुखते. खैरुन म्हणे, "काकी, बाजार के दिन तो नहीं दुखता तुम्हारा पाँव." तिच्या जिभेले हाड नाही. माझ्याही नाही, म्हणून पटते आमचं.

काळं आता मांगं मांगं फिरते. पदरात शिरते, तिथंच घुरघुर करत झोपते. फटफटीचा आवाज आला तरी भेत नाही. शोभी झाडू मारते, ते झाडूले लोंबकळते. अमरावतीहून नातीचा, मोनीचा फोन. "आजी, तू मांजर पाळली? तू?" म्हटलं, पाळली नाही, ठेवली. हासत होती मेली.

परवा नेतो.

७ मार्च
दि. नं कापूस काढला शेवटी. गाडी जिनिंगले जाऊन राहिली होती, म्हणे, "चाल माय, बस." आता काय निमित्त सांगू.

काळ्याले पदरातून काढून सरकीजवळ ठेवलं आन दूर झाली. भुरी आली. मांगून पट्ट्या, चांगला गुबगुबीत. भुरीनं काळ्याले हुंगलं. कान मांगं घेतले, फिसकारली. पंजा मारला. काळं पळत सुटलं आन आलं कुठं, तर माझ्या पदरात. त्याच्या आंगाले तिचा वास नव्हता राहिला. माझा होता, चुलीचा, तंबाखूचा. दुसऱ्याच दिवशी नेलं असतं तर घेतलं असतं तिनं. पट्ट्याले घेतलंच ना.

आधी मायले नेलं लेकरापासून. मंग लेकराले अशी सवय लावली का माय ओळखे ना. पहिलं तरी न समजून केलं होतं.

दि. हासला नाही. गाडीत म्हणे, "माय, जगलं ना ते." म्हटलं, तू समोर पाहून गाडी चालव.

१८ मार्च
बाजाराच्या दिवशी जिनिंगवर जाणं होते. भुरीले माणसाची सवय लावली तर दोघांले घरी आणता येईन, असं गवई म्हणते. तो रोज आपल्या डब्यातली पोळी दुधात कुस्करून देते आन ताटली थोडी थोडी खोलीकडं सरकवते. आता उंबऱ्यापाशी आली. भुरी पाठीवर हात ठेवू देते म्हणे.

आज मी भाकर नेली. माझ्या हातानं कुस्करून ठेवली. आली, हुंगलं, गेली. गवईनं ताटली धुतली, त्याची पोळी टाकली, तर खाल्लं. बिचारा म्हणे, "भाकर कडक असन, आजी." खोटं बोलता येत नाही त्याले.

२९ मार्च
हंगाम सरला. जिनिंग पाच तारखेपासून बंद. मालक राखणीले दोन कुत्रे आणून मोकळे सोडनार. गवई बाळापूरकडं आपल्या गावी जाईन.

म्हणे, "आजी, राग नका येऊ देऊ, पण तुमी आता येऊ नका. तुमी येऊन गेल्या का ती दोन दिवस खोलीकडं फिरकत नाही. मी ताटली आत ठेवतो. दोघं आत आले का दार लावतो आन फोन करतो. तवा या."
हाव म्हटलं.
जीपपर्यंत सोडाले आला. तिथं म्हणे, "आन पोट्टंच आलं आत, ती नाही आली, तर? तेवढंच धरू का?"
मी जीपमध्ये चढून बसली.
"बरं," म्हणे, "फोनवर सांगजा."

२ एप्रिल
फोन दोनदा वाजला. एक मोनीचा, एक राँग नंबर. राँग नंबरवाल्याले गंज शिव्या देल्या.

शोभी म्हणे, "एकटं तर एकटं आणा, आत्याबाई. कुत्र्याच्या तोंडी जाण्यापरीस बरं." खैरुन म्हणे, "नहीं काकी, फिर से मत छुड़ाओ माँ से. वो फिर रोएगी, उधर अकेली." दोघीही बरोबर बोलून राहिल्या. दोघींवरही चिडली मी.

पट्ट्याले एकट्याले आणलं तर तो जगन. ती पुन्हा ढिगावर बसून बोंबलीन, आन या पाळी ऐकाले गवईही नाही. नाही आणलं तर कुत्रे दोघांचाही...
काळं उशाशी झोपलं आहे. त्याले काही माहीत नाही.

४ एप्रिल
आजचा दिवस गेला. उद्या गवई कुलूप लावन.

फोन फळीवरून काढून खाटेजवळ आणला. वायर पुरे ना, खाट सरकवली. दि. म्हणे, "माय, मी सांगून देतो ना त्याले, धर म्हणून. तू काहून जीव जाळून राहिली?" पोरगं वाईट नाही. माझ्यावरचं काढून घ्यायले पाहते.

त्याले सांगतलं, शोभीले सांगतलं, इथंही लिहून ठेवतो. गवईचा फोन आला तर दिगांबरनं उचलाचा नाही. शोभीनं नाही. खैरुन बसली असली तर तिनंही नाही. मी अंगणात असो का न्हाणीत असो, हाक मारा, त्याले म्हणा थांब. तो इचारन त्याचं उत्तर मीच देईन, दुसऱ्या कोणी मधात तोंड घालाचं नाही.