सूचकाची सही

नाशिक,
२ डिसेंबर १९७४

प्रिय यशोदा,

तू देवळ्याला भावाकडे नीट पोचलीस, हे कांद्याच्या गाडीवरच्या माणसाकडून कळलं. जाताना तू माझ्याकडे आली नाहीस. आली असतीस तर मी तुला तोंड कसं दाखवलं असतं, माझं मलाच ठाऊक नाही. हे पत्र लांबणार आहे. तुला माहीत असलेल्या गोष्टीही मी पुन्हा लिहिणार आहे, नावानिशी आणि एकामागून एक. त्याला कारण आहे, ते शेवटी सांगते. कंटाळा आला तरी यातलं एकही पान टाकू नकोस.

माझ्या हातची पहिली निशाणी अंगठ्याची. अकरा वर्षांपूर्वी माझ्या जयरामचे वडील दवाखान्यात वारले, तेव्हा प्रेत ताब्यात मिळाल्याच्या कागदावर माझा अंगठा घेतला. राखेनं घासला तरी चार दिवस निळा राहिला. ज्या कागदावर माझा माणूस मला परत दिला, त्यावर काय लिहिलंय ते मला वाचता येत नव्हतं. तो कागद मी पत्र्याच्या पेटीत ठेवला, आणि एक दिवस तो आपला आपण वाचायचा म्हणूनच अक्षरं गिरवायला लागले. मग आपण दोघी रद्दीच्या पिशव्या करायला बसू लागलो. खळ लावायच्या आधी कागद वाचायचा, हा आपला नेम. दुकानदार म्हणायचा, “बायांनो, पिशव्या करताय का परीक्षेला बसताय?” आधी मथळे, मग बातम्या, मग अग्रलेख. दोन वर्षांनी मी पेटीतला कागद काढून वाचला. साडेतीन ओळी होत्या. त्या दिवशी मी कामाला आले नाही आणि तू काही विचारलं नाहीस.

रद्दीमुळे आपल्याला आणखी एक गोष्ट कळली. एकाच गठ्ठ्यात वरच्या अंकात नळाचं आश्वासन असायचं आणि खालच्या अंकात त्याच नळासाठी रिकाम्या घागरी घेऊन निघालेला मोर्चा. रोज ताजा पेपर वाचणाऱ्याला हे दिसत नाही, कारण तो कालचं विसरलेला असतो. तू म्हणायचीस, “रंगू, पुढारी शिळा करून वाचावा, तवा त्याचा वास येतो.” तेव्हापासून मी कोणत्याच पक्षाची राहिले नाही. आपल्या वॉर्डाचा मागचा नगरसेवक एका चिन्हावर निवडून आला, वर्षभरात दुसऱ्यांच्या मांडीवर जाऊन बसला, आणि यंदा तिसऱ्यांचं तिकीट मागत हिंडत होता. तरी लोक विचारतात, बाई, तुम्ही कुठल्या बाजूच्या? मी दर वेळी माणूस बघून मत दिलं आणि बहुतेक वेळा फसले. पण ते फसणं माझं होतं, कुणी ठरवून दिलेलं नव्हतं.

आपल्या गल्लीतल्या बायकांच्या संडासाची दारं गेली त्याला तीन पावसाळे झाले. एकीनं लुगड्याचा आडोसा धरून उभं राहायचं आणि दुसरीनं आत जायचं. पोटुशी असो, म्हातारी असो, तीच तऱ्हा. तू नगरपालिकेत खेटे घातलेस, मग भिमाजीशेठच्या वखारीत गेलीस, कारण पक्षाची कचेरीही तिथंच आणि वॉर्डात पान हलायचं तेही त्यांनाच विचारून. शेठ म्हणाले, “बाई, देशापुढं केवढे प्रश्न पडलेत, तुम्ही दारं काय घेऊन बसलात?” तू म्हणालीस, “शेठ, एक दिवस तिथं बसून बघा, देश हितंच आठवंल.” सगळी वखार हसली. शेठ हसले नाहीत. त्याच दिवशी तू ठरवलंस की अपक्ष उभं राहायचं.

अर्जावर त्याच वॉर्डातल्या एका मतदाराची सूचक म्हणून सही लागते. तू चार घरी गेलीस. चारही घरी चहा मिळाला, सही मिळाली नाही. मी केली. सोमवार होता, तुझ्या ओट्यावर बसून केली आणि तुझ्यादेखत केली, हे मी इथं स्पष्ट लिहिते. आयुष्यात इतक्या जपून मी एकही अक्षर काढलं नव्हतं. मंगळवारी तू अर्ज देऊन आलीस.

तोवर माझ्या जयरामचा या निवडणुकीशी काही संबंध नव्हता. पंक्चर काढणं आणि सायकली भाड्यानं देणं, एवढंच त्याचं जग. बुधवारी, अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी, भिमाजीशेठ आपण होऊन त्याच्या दुकानात आले आणि पक्षाचं तिकीट त्याला देऊन गेले. पोरगा घरी आला तो आनंदानं भांबावलेलाच. लग्नातसुद्धा मी त्याला इतका खुललेला पाहिला नव्हता. मी म्हणाले, अरे, मी यशोदाची सूचक आहे. तो म्हणाला, “असू दे की, सूचक म्हणजे काही मत नाही.” तेव्हा त्याच्या मनात काही नव्हतं, हे मी आई म्हणून नाही, समोर उभी असलेली बाई म्हणून सांगते.

शुक्रवारपर्यंत सगळं बदललं. दुसऱ्या पक्षाचा उमेदवार माघार घेणार हे आधीच ठरलं होतं. हा वॉर्ड यांनी घ्यायचा, शेजारचा त्यांनी. चौकातल्या सभेत जे एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरत होते, तेच शुक्रवारी दुपारी आमच्या ओसरीवर एका ताटात कांदाभजी खात होते. भजी माझ्या सुनेनं, लतानं तळली. मी वाढली. यशोदा, इतकी किळस मला त्या पडक्या संडासातही कधी आली नव्हती. तिथली घाण निदान आपण घाण आहोत हे लपवत नाही. आता वाटेत फक्त तूच उरली होतीस.

दिवेलागणीला जयरामनं देव्हाऱ्यातला खंडोबाचा भंडारा माझ्या तळव्यावर ठेवला. म्हणाला, “आई, तू खोटं बोल असं मी म्हणत नाही. उद्या छाननी आहे. ती उरकेपर्यंत उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू नको, एवढंच. उचल.” त्या आठवड्यात पक्षानं निम्म्या गल्लीला मतासाठी बेलभंडारा उचलायला लावला होता. बायका मला येऊन विचारायच्या, आता कसं करायचं? मी सांगायचे, मत पेटीत पडतं, देवळात नाही, मनाला येईल तिथं शिक्का मारा. दुसऱ्यांना हे सांगणारी मी, माझ्या हातावर पिवळी पूड पडल्यावर गप्प झाले. ह्यांनी उचललेला भंडारा कधी मोडला नाही, हे आठवलं. मी उचलला.

शनिवारी अकराच्या सुमाराला तू आलीस. मला तुझा आवाज गल्लीच्या तोंडापासून ऐकू येत होता. “रंगू, ए रंगू! तुझी सही खोटी हाय म्हणत्यात. तू अंगठेबहाद्दर हाय म्हणून कसला तरी कागद दाखवला साहेबाला. साहेब अर्धा तास थांबतोय गं, चल, नुसती सही करून दाखव!” लता दारात आडवी उभी राहिली आणि म्हणाली, सासूबाई पहाटेच दिंडोरीला गेल्या. यशोदा, मी दिंडोरीला गेले नव्हते. मी दाराच्या फळीमागे उभी होते. फटीतून तुझे पाय दिसत होते. तू अनवाणी आली होतीस. तू लताला म्हणालीस, “सही करून ती अशी जायची नाय. मला माहीत हाय ती.” आणि तशीच पळत परत गेलीस. तू शिव्या देऊन गेली असतीस तर मी आज बरी असते.

कसला तरी कागद, असं तू म्हणालीस. ते माझ्या डोक्यात घुमत राहिलं. मी पेटी उघडली. कागद नव्हता. जयरामनं बापाच्या प्रेताचा कागद नेला होता, आईला अडाणी ठरवायला. संध्याकाळी त्यानं तो जसाच्या तसा आणून दिला आणि म्हणाला, “कामापुरता नेला होता.” माझ्या पोटच्या पोरानं हे शब्द कुठून आणले, ते मला सांगावं लागत नाही. ते वखारीतले आहेत. त्या आठवड्यात त्याच्या तोंडात त्याचा स्वतःचा एक शब्द उरला नव्हता.

पुढचं तुला माहीत आहे. तुझा अर्ज बाद झाला, दुसऱ्या पक्षाच्या उमेदवारानं ठरल्याप्रमाणे माघार घेतली, आणि बुधवारी जयराम बिनविरोध निवडून आल्याचं जाहीर झालं. दारात हलगी वाजली, गुलाल उधळला. लतानं ओवाळलं. दुसऱ्या दिवशी शेठच्या घरच्यांनी आमच्याच घरी वॉर्डातल्या बायकांचं हळदीकुंकू ठेवलं आणि मला सांगितलं, तुम्ही जरा आत बसा. मी आत बसले. याचं मला आता वाईट वाटत नाही, अकरा वर्षांत सवय झाली. पण तिथं बसून मी माझं बोट बघत होते. कपाळ कोरं आहे ते साऱ्या गल्लीला दिसतं. बोट कोरं राहिलं याचं कुणाला काही नाही. वॉर्डात दोन हजार मतदार. एकाच्याही बोटाला शाई लागली नाही, आणि तरी बाहेर पेढे वाटले जात होते, लोकांनी निवडून दिलं म्हणून.

त्याच दिवशी ओसरीवर भिमाजीशेठ आपल्या माणसांना सांगत होते. भिंत पातळ आहे, तुला माहीत आहे. म्हणाले, “उमेदवार पाडायला महिनाभर घसा फोडावा लागतो. सूचक पाडायला एक सकाळ पुरते. त्या बाईच्या फॉर्मवर म्हातारीचं नाव बघितलं आणि म्हटलं, पोराला तिकीट देऊन टाका. आई पोराविरुद्ध जाते कुठं?” सगळे हसले. जयरामही हसला, पण सगळ्यांच्या मागून. तिकीट आपल्याला का मिळालं, हे त्याला त्या क्षणी कळलं असावं. त्याला वाटत होतं, आपण सचोटीनं दुकान चालवतो, चार लोक मान देतात, म्हणून. मी त्याच्यावर रागावले आहे, पण ते हसू मला विसरता येत नाही.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते तुला सांगते. भंडारा हे निमित्त होतं. मला बाहेर यायचं असतं तर मी आले असते आणि जेजुरीला जाऊन नाक घासलं असतं. दाराआड उभी असताना माझ्या मनात काय चाललं होतं ठाऊक आहे? नगरपालिकेच्या फळ्यावर नाव लागेल, जयराम पुंजाराम फडोळ. त्यात ह्यांचं नाव येईल. ज्या माणसाचं नाव साडेतीन ओळींच्या कागदाशिवाय कुठंच उरलं नाही, ते पांढऱ्या रंगात लिहिलेलं मला वाचायला मिळेल. त्या अर्ध्या तासात मला संडासाचं दार आठवलं नाही, तू आठवली नाहीस. मीही वखारीतल्या माणसांसारखीच माझ्या माणसाचं बघत होते. मी त्यांना नावं ठेवते, पण त्यांच्या ताटातलं एक भजं मीही खाल्लं. परवा नगरपालिकेवरून जाताना तो फळा पाहिला. नाव अजून लागलं नव्हतं. लागलेलं बघायची मला इच्छाही राहिली नाही.

म्हणून हे पत्र. कोर्टासमोरच्या टायपिंगवाल्याला मी विचारून आले. निकाल लागल्यापासून दहा दिवसांत निवडणुकीविरुद्ध अर्ज करता येतो. आज सहावा दिवस आहे, उशीर करू नकोस. वकिलाकडे हेच पत्र ने. सहा पानं आहेत, सगळी माझ्या हातची आहेत आणि प्रत्येक पानाखाली मी सही केली आहे. अंगठेबहाद्दर बाई सहा पानं लिहीत नाही, हे कुठल्याही साहेबाला पटेल. भंडारा छाननी उरकेपर्यंतचा होता, तो मी पाळला. आता मला कुणी बांधलेलं नाही. कोर्टात मी स्वतः येईन आणि सांगतील तिथं सांगतील तितक्या सह्या करीन. जयरामची निवड जाईल, हे मला कळतं. काल जेवताना मी हे सगळं कच्चं लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं. तो अर्ध्या पानावरून हात धुवून उठला. आज त्याच्या पानात वाढून ठेवलं आहे आणि मी रजिस्टर करायला पोस्टात निघाले आहे. तू मला माफ कर असं म्हणत नाही. फक्त ये, आणि पुन्हा उभी राहा. फॉर्मवर ती जागा माझी आहे.

तुझीच सूचक,
रंगूबाई पुंजाराम फडोळ