खडकावरचा खांब आणि दलदलीतला साडू

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझा खोकला कसा आहे? त्या बेटावरच्या दीपगृहात वारा फार, कानटोपी घालत जा (हे आईचं वाक्य, मला तुझ्या कानांची काळजी वेगळ्याच कारणाने आहे). इकडे सगळं ठीक. आई माझ्या साडूकडे राहायला गेली आहे. हसू नकोस.

साडूचं घर तुला आठवत असेलच. सखल जागा, भिंतींना ओल, कपाटात बुरशी, अंगणात पाऊल टाकलं की चप्पल तिथेच राहते. मी त्याला बेडूकराव म्हणतो. मी मात्र उंचावर, कोरड्या खडकावर घर बांधलं आणि सगळ्यांना बोलावून दाखवलं. आता हे बेडूकराव सांगत फिरतात की तुझ्याशी बोलायच्या रेडिओला ओली जमीनच मानवते. उभा अँटेना, म्हणजे अंगणातला खांब, म्हणे निम्माच, उरलेला निम्मा म्हणजे जमीन. वीज जमिनीतून खांबाकडे परत यावी लागते; त्यांच्या चिखलातून ती सुखाने येते, माझ्या खडकात वाटेतच तापून संपते. थोडक्यात, मी तुझ्याशी बोलतो तेव्हा माझा मुरूम शेकून निघतो.

दर रविवारी तुझं बोलणं आम्हाला लख्ख ऐकू यायचं, आमचं तुला नाही. मागे आईने तुला गुडघेदुखीपासून शेजारणीच्या भांडणापर्यंत सगळं मन मोकळं करून सांगितलं, आणि तू विचारलंस, "हॅलो, कोणी आहे का?" आईने पिशवी भरली आणि ती बेडूकरावांकडे गेली, त्यांच्याकडेही असाच रेडिओ आहे. मला फार लागलं ते.

मग मी तारा पुरल्या. खांबाच्या पायथ्यापासून जमिनीत तांब्याच्या तारा पसरल्या की त्या विजेला धरून परत आणतात, एवढं मलाही कळतं. सगळ्या तारा मी तुझ्या दिशेने पुरल्या (तू पश्चिमेला असताना पूर्वेला तार घालायला मला काय वेड लागलंय?). बेडूकराव आले, बघितलं, आणि कुंपण धरून हसले. तारा चाकाच्या आऱ्यांसारख्या चहूबाजूंनी लागतात, हे त्यांनी मला माझ्याच अंगणात, माझाच चहा पीत शिकवलं. ज्याला स्वतःच्या भिंतीची ओल काढता आली नाही, तो मला जमीन शिकवणार.

तरी शिकलो. हिच्या फुलझाडांखालून, धुण्याच्या दगडाखालून, सगळीकडे तारा नेल्या. फुलझाडं गेली आणि हिने माझ्याशी बोलणं टाकलं (त्यामुळे रेडिओसाठी घरात उत्तम शांतता आहे). पण गेल्या रविवारी तू स्वतःच म्हणालास, आवाज स्वच्छ येतोय. मी धावत आईला सांगायला गेलो. ती म्हणाली, इथूनही जातो की.

बाकी क्षेम. प्रकृतीला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. येत्या रविवारी आई साडूकडून बोलेल, तेव्हा अधूनमधून "काही ऐकू येत नाही" असं म्हण. बेडूकरावांचं तोंड मला बघायचंय.

ता. क. पुन्हा. खोटं बोलवत नसेल तर तिला सरळ सांग, घरी जा, धाकट्याला करमत नाही. मी समोर बसून हेच सांगितलं, तर कानाला हात लावून म्हणते, "आवाज नीट येत नाही."