तुझी नात समुद्रात शिकवते

आई, तुझी नात आता समुद्रात शिकवते. फळीवर उभं राहून लाटेबरोबर किनाऱ्यापर्यंत कसं यायचं, ते शिकवते. हे मी तुला स्वयंपाकघरात सांगितलं असतं, तर तू हातातलं लाटणं थांबवून आधी विचारलं असतंस, "फळी केवढी असते?" म्हणून तुलाच लिहितेय. बाकी सगळ्यांनी विचारलं, "मग नोकरीचं काय?"

तू गेलीस तेव्हा ती पाचवीत होती. पुढे शिकली, इथं बेंगळूरलाच मारतहळ्ळीला एका मोठ्या कंपनीत लागली. मला अम्मा म्हणते, इथल्या सगळ्या पोरांसारखं. गेल्या वर्षी ती अधूनमधून शुक्रवारी बॅग उचलून मंगळूरच्या बसला बसायला लागली. सोमवारी यायची ती काळवंडून, केस राठ आणि कानात वाळू. मला वाटलं, कुणी मुलगा असणार. आडून आडून विचारलं, तर म्हणाली, "मुलगा नाही अम्मा, लाटा आहेत." आणि या जानेवारीत जेवताना, भाकरी मोडता मोडता तिनं सांगून टाकलं की नोकरी सोडून ती तिथंच राहणार आहे. तुझा जावई पाणी आणायला म्हणून उठला तो बराच वेळ परत आलाच नाही. मी मात्र खूप बोलले. तिथली रिकामटेकडी माणसं, दिवसभर पाण्यात डुंबणारी, हे काय आयुष्य झालं का, असं बरंच काही. ती ऐकत होती. मग म्हणाली, "तू बघितलंयस का ते गाव?"

हे मी आधी ऐकलेलं होतं. येलहंक्याच्या रेल्वे क्वार्टर्समधलं आपलं स्वयंपाकघर. मी दहावीत आहे, शेजारच्या अक्कांची मुलगी नाटक कंपनीत गेलीय, आणि मी ओट्याशी उभी राहून तिच्याबद्दल नाही नाही ते तुला सांगतेय. तू स्टोव्ह बारीक करतेस. "तू बघून आलीस?" "सगळे म्हणतात." "सगळे गेले होते? जाऊन बघ, मग बोल. तोवर कांदा चीर." पुढं ती कंपनी बेंगळूरला आली तेव्हा तूच मला हाताला धरून नाटकाला नेलंस. ती राणीचं काम करत होती. परत येताना बसमध्ये तू एवढंच म्हणालीस, "एवढा नाच केला तरी तिचा मुकुट पडला कसा नाही ग?"

तर मी बघायला गेले. फेब्रुवारीत, तिच्याबरोबरच. मंगळूरच्या थोडं वर, नदी समुद्राला मिळते तिथं ते गाव आहे. उन्हं चांगली वर आली होती तरी दुकानांची शटरं अर्धीच उघडलेली. मी टूथपेस्ट मागितली तर दुकानदार पेपरातून मान वर न करता म्हणाला, "मागच्या फळीवर असेल, घ्या तुम्हीच." आपल्याकडे कुंपणावर चादरी वाळत घालतात, तशा तिथं रंगीत फळ्या कुंपणाला टेकवून ठेवलेल्या. माणसापेक्षा उंच असतात ग, आणि हलक्या. तू विचारलं असतंस म्हणून मी एक उचलून बघितली. लेक ज्यांच्याकडे भाड्यानं खोली घेणार होती, त्या अक्का दारात बांगडे साफ करत बसल्या होत्या. माझ्याकडे बघून कन्नडमध्ये म्हणाल्या, "उशीर केलात यायला." मी म्हटलं, बस तर वेळेवर होती. "बसचं नाही म्हणत. ही पोरगी वर्षभर येतेय. मी तिला विचारायचे, तुला आई नाही का?" त्यांनी हात धुतले, माझ्यापुढं तांदळाच्या पातळ नीरडोशांची ताटली ठेवली आणि म्हणाल्या, "आलात ना. स्वल्प बसा आता, थोडा वेळ."

किनाऱ्यावर गेलो तर सात-आठ जण पाण्यात आपापल्या फळीवर पाय सोडून नुसते बसलेले. मी म्हटलं, "हे काय करतायत?" "वाट बघतायत." "कसली? लाटा तर येतातच आहेत." "त्या नाही, अम्मा." "मग कुठली? आणि ती आली की ओळखायची कशी?" लेकीनं लांबवर बोट दाखवलं. म्हणाली, पाण्यावर काळपट रेघ दिसते बघ, ती फुगत फुगत येते. जवळची लाट फुटतेय तिच्याकडे बघायचंच नाही. मी तिला प्रश्नामागून प्रश्न विचारले. पायाला ती दोरी कशाला? फळीवर मेण का घासतात? एकाच लाटेवर दोघं आले तर कोण मागं फिरतं? आयुष्यभर लॅबमध्ये मायक्रोस्कोपखालच्या रक्ताच्या थेंबात डोळे घालून बसलेली मी, एवढं मोठं काही निरखायची सवयच राहिली नव्हती. ती हसायला लागली. "अम्मा, कंपनीत मी काय काम करते, हे तू एकदाही विचारलं नव्हतंस."

मग तिची शिकवणी सुरू झाली. म्हैसूरहून आलेल्या एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या, भीतीनं ओठ घट्ट मिटलेल्या. लेक कमरेएवढ्या पाण्यात उभी, फळीचं मागचं टोक धरून, मोठ्यानं बोलतेय. घरात आम्हाला तिचं बोलणं ऐकायला टीव्ही बारीक करावा लागतो. "घाबरू नका, मी धरलंय. आता लाट येतेय. आता सोडतेय हं!" आणि मला क्वार्टर्समागचं मैदान दिसतं. बाबांच्या सायकलवर तू साडीचा काष्टा मारून शिकलेली, आधी हसलेल्या बायका नंतर एकेक करून तुझ्याकडे आलेल्या, आणि तू सीट धरून त्यांच्यामागं धावतेयस. माझ्या वेळी तू न सांगता सोडलंस. मी पार पाण्याच्या टाकीपर्यंत तुझ्याशी बोलत गेले, उत्तर येईना म्हणून मागं वळले आणि आपटले. दुपारी मी लेकीला विचारलं, "न सांगता सोडलंस तर लोक जास्त लांब जातील ना?" म्हणाली, "जातील. पण दुसऱ्या दिवशी येणार नाहीत." मी कित्येक दिवस सायकलला हात लावला नव्हता, आठवतं? तुला हे ठाऊक होतं का ग? की धावून धावून दमायचीस आणि हात आपोआप सुटायचा? रागानं नाही, खरंच विचारतेय.

दुसऱ्या सकाळी मी पाण्यात उतरले. तिचा टी-शर्ट, माझी सलवार. फळीवर पालथी पडले, नाकातोंडात खारं पाणी. मागून आवाज आला, "अम्मा, सोडतेय हं." मी ओरडले, "नको!" तिनं सोडलं नाही. फळी धरून माझ्याबरोबर वाळूपर्यंत चालत आली. पुन्हा गेलो, पुन्हा तसंच. त्यानंतरच्या वेळी मीच म्हटलं, "सोड." आई, पाठीमागून कुणीतरी उचलून पुढं फेकावं तसं होतं ते. वाळूला गुडघा खरचटला आणि मी हसत सुटले, थांबताच येईना.

ओल्या कपड्यांतच बसलो होतो तेव्हा ती म्हणाली, "मग?" मी विचारलं, पावसाळ्यात समुद्र खवळतो तेव्हा काय करणार? तिनं सांगितलं. तेवढे महिने येलहंक्याला येऊन घरूनच कंपन्यांची कामं करणार होती, दोन ठिकाणी बोलूनही ठेवलं होतं. जीव वाचवायचं प्रशिक्षण तिनं केव्हाच पुरं केलं होतं. एकेका प्रश्नाला उत्तर तयार होतं, मी नुसतं विचारायचं होतं. मी "सरी, ठीक आहे" म्हटलं. तिनं ओलं डोकं माझ्या खांद्यावर ठेवलं. मार्चमध्ये तिनं राजीनामा दिला. तुझा जावई परवा लिफ्टमध्ये शेजाऱ्यांना सांगत होता, "मुलगी समुद्रात शिकवते," आणि पुढं कुणी काही विचारेल म्हणून छाती काढून उभा राहिला.

भीती गेलेली नाही. फोनवर मी रोज तिकडचं हवामान बघते. हे पत्र लेकीला वाचायला द्यावं असं मनात आलं होतं, पण देणार नाही. पाऊस लागायच्या आत मी पुन्हा जातेय, आणि घरात सांगितलंय की पोरीची खोली लावून द्यायला जाते. खोली तिनं कधीच लावलीय. मला फळीवर उभं राहायचंय, आई.